सभ्य माणसांसाठी राहणे व न्याहारी

ठाण्याला जाऊन हॉटेलात उतरू नका, असं मला फलटणमध्ये ओळखीच्या प्रत्येक माणसानं बजावलं. मग उतरू कुठं, हे सांगायला मात्र कुणाला सवड झाली नाही.

सगळ्यांत ठासून बोलला तो आमच्या घराखालचा सखाराम टेलर. सखाराम एकदा एका लग्नाला ठाण्याला गेला होता आणि त्याच दिवशी परत आला होता, त्यामुळं ठाणे या विषयावर आमच्या आळीत त्याचा शब्द शेवटचा मानला जाई. त्याचं म्हणणं असं, की हॉटेलातल्या उशीला आधीच्या माणसाच्या डोक्याचं तेल असतं, खिडकी उघडली की समोर दुसऱ्याची भिंत असते आणि अपरात्री पोलीस येऊन दार वाजवतात. का वाजवतात, असं मी विचारलं. "रावसाहेब, ते उघडल्यावर सांगतात," असं म्हणून त्यानं सुई दातांत धरली.

माझा हॉटेलाला आक्षेप वेगळा होता, आणि तो तत्त्वाचा होता. माझी सगळी नोकरी मोजणी खात्यात गेली. साखळी आणि फळी घेऊन बांधाबांधानं हिंडलो, भावाभावांच्या भांडणात खुणेचे दगड रोवले, जमिनींना गट नंबर दिले. खात्याच्या परीक्षेसाठी एकदा कोल्हापुरात हॉटेलात उतरलो होतो. सकाळी जिन्यातून आरोळी आली, "सात नंबरचा चहा." सात नंबर म्हणजे मी, हे कळायला मला वेळ लागला, आणि तोवर चहा आठ नंबरनं घेतला. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटून गेलं, की इतक्या जमिनींना आपण नंबर देत सुटलो, त्यांना कसं वाटलं असेल?

आता तर घरात नंबरानंसुद्धा हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. आमची मंडळी, म्हणजे बायको, वारल्यापासून माझ्याशी नेमानं बोलायचा तो प्रेशर कुकर. तोही तीनदा बोलायचा आणि एकदम गप्प व्हायचा, माझं काही चुकल्यासारखा.

मुलगी एकच, कांता. ती ठाण्याच्या नौपाड्यात दिलेली. एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे केसपेपर लिहायला बसते. एसटीडीचे पिवळे बूथ नुकते गल्लोगल्ली निघाले होते. ती अशा एखाद्या बूथवरून सखारामच्या दुकानात फोन करायची. "आबा, जेवलात का?" असं ती विचारायची, मी "होय" म्हणायचो, आणि मग तिच्या समोरच्या यंत्रावरचे लाल आकडे पळायला लागले, की आम्ही दोघंही घाईनं काहीच बोलायचो नाही. संक्रांतीला येते म्हणाली, आली नाही. जत्रेला येते म्हणाली, तेही राहिलं. तिचं तरी काय चुकत होतं? विहीणबाई म्हणाल्या होत्या, "रिकाम्या घरात जाऊन तू विसावा कसला घेणार? उलट गेल्या गेल्या पदर खोचून भांडी घासशील." आणि ते खरं होतं. लेकीचं माहेर तिच्या आईच्या जिवावर असतं. आई गेली, की मागं राहतो तो बाप. त्याला धड वाटणही येत नाही.

तेव्हा मीच जायचं ठरवलं. आता कुणी म्हणेल, लेकीचं घर असताना हॉटेल आणि उशीचं तेल हा विषय निघतोच कशाला? तर निघतो. आमच्याकडे रीत अशी, की लेकीला पहिलं मूल होईतो बापानं तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. कन्या दान केली. दिलेल्या दानातलं परत काही घ्यायचं नाही. माझ्या वडिलांनी पाळली, त्यांच्या वडिलांनी पाळली. आमची मंडळी तांदूळ निवडताना एक ओवी म्हणायची, तिची स्वतःचीच होती की कुणाची ऐकलेली, ते मी कधी विचारलं नाही:

बाप लेकीच्या गावाला, गेला उन्हाचा चालत,
पाणी पिईना घोटभर, तोंड उपरण्यानं पुसत.

मला त्यातल्या बापाचं फार कौतुक वाटायचं. हद्द म्हणजे हद्द. मोजणीवाल्याला आणखी काय हवं?

तर असा हॉटेल नको, लेकीचं घर नको, अशा दोन बांधांच्या मध्ये मी अडकलेला असताना सखारामनं माझा पायजमा एका वर्तमानपत्रात गुंडाळून आणून दिला, आणि त्या कागदाच्या कोपऱ्यात मला ती जाहिरात दिसली. 'ठाणे. चेंदणी कोळीवाडा. स्टेशनपासून चालत. घरगुती वातावरणात राहणे व सकाळची न्याहारी. फक्त सभ्य माणसांसाठी.'

"घरगुती वातावरणात" या शब्दांवर माझी नजर किती वेळ खिळून राहिली, ते सांगत नाही.

सखारामनं आळीची बैठकच बसवली. एकाचं म्हणणं, कोळीवाड्यात बोंबलाचा वास कपड्यांना धरतो आणि फलटणपर्यंत येतो. दुसऱ्याला 'सभ्य' या शब्दाची काळजी वाटली. म्हणजे यांनी काही दाखला मागितला तर? सरपंचाचा चालेल, की तहसीलदाराचा लागेल? शेवटी सखारामनं नव्या सदऱ्याचं माप घेतलं आणि सांगितलं, की एवढ्या कॉलरवर कुठंही सभ्य धरतील.

मी दिलेल्या पत्त्यावर कार्ड टाकलं. उत्तर आलं नाही. सरकारी कामात ठरावीक मुदतीत हरकत आली नाही, की मंजुरी धरतात. मी मंजुरी धरली. तो कागद कुठल्या सालचा होता, हे पाहायला हवं होतं. पण तारखेचा तुकडा नेमका पायजम्याच्या नाडीबरोबर गेला होता. कांताला फोनवर मी एवढंच म्हणालो, की जुन्या ओळखीच्या घरी उतरणार आहे. ओळख अजून व्हायची होती, एवढाच काय तो तपशील उरला होता.

एसटीतून उतरून विचारत विचारत कोळीवाड्यात पोचलो, तर त्या पत्त्यावर एक ठसठशीत बाई ओट्यावर बसून कोलंबी सोलत होत्या. मी नमस्कार करून म्हणालो, "राहणे व न्याहारी." बाईंनी कोलंबीवरून नजर न काढता शेजारच्या घराकडे तोंड करून हाक मारली, "दाजी, यो बग कोन आलाय. काय इकतोय, ते इचार."

दाजी म्हणजे शेजारचे म्हातारे, जाळं विणत बसलेले. त्यांनी चष्मा लावून माझ्या हातातली जाहिरात मोठ्यानं वाचली. मग उलगडा झाला. बाईंचं नाव हौसाबाई. नवरा धाकू, त्याची खाडीवर होडी होती; ती गेल्यापासून दुसऱ्याच्या होडीवर बाहेर असे. त्यांचा भाचा गुरुदत्त बोटीवर नोकरीला. तो विलायतेत कुठंतरी असं पाहून आला होता, की माणसं स्वतःच्या घरात पाहुणे उतरवतात, सकाळी खायला घालतात आणि दारावर पाटी लावतात. तसली जाहिरात देऊन गुरुदत्त पुन्हा बोटीवर चढला, त्याला झाली की दोन वर्षं. त्यानंतर उतरायला आलेला पहिला आणि एकमेव सभ्य माणूस मी. माझं कार्ड त्यांनी विजेचं बिल समजून गणपतीच्या तसबिरीमागं ठेवलं होतं.

"न्याहारी इकायची?" हौसाबाईंना ती कल्पनाच सोसेना. "रांडेचा बोटीवर जाऊन डोक्यान खुला झाला."

एवढ्यावर निभावलं असतं. पण दाजींनी विचारलं, "तुमी काय करताव?" आणि मी माझ्या सवयीनं छाती पुढं काढून म्हणालो, "मोजणी खातं. निवृत्त."

दाजींच्या हातातली जाळ्याची सुई थांबली. बाजूच्या दोन घरांतून बायका बाहेर आल्या. मला काय ठाऊक, की त्या दिवसांत बिल्डरांची माणसं रोज वाड्याच्या कडेनं फिरत होती आणि मोजणी हा शब्द तिथं साप म्हटल्यासारखा होता? कुणीतरी माझ्या छत्रीकडे बोट दाखवून म्हणालं, की माप घ्यायची काठी असावी. मी छत्री उघडून दाखवली. मग पिशवी उघडून दाखवली. धोतर, साबण, पंचा, कांतासाठी आणलेले चिक्कू आणि शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा, असं करत शेवटी मी निवृत्तीचं ओळखपत्र शोधायला लागलो. हौसाबाईंचं लक्ष त्या डब्यावर होतं.

"लाडू कोनाला?"

"मुलीला. नौपाड्यात असते."

"मंग तिच्याकडं का नाय उतरत?"

रीत सांगावी लागली. सगळा ओटा ऐकत होता. ऐकून हौसाबाईंनी कोलंबीची पाटी बाजूला सारली. "दाजी, सोर त्याला," त्या म्हणाल्या. "पोरीचा बाप हाय." आणि मला माळ्यावरची खोली मिळाली, म्हणजे जाळी, दोन वल्ही आणि गुरुदत्तची लोखंडी खाट. उशी मी हुंगून पाहिली. तेलाचा वास नव्हता. मिठाचा होता.

दुपारी कांताकडे गेलो. विहीणबाई आदबशीर आहेत. खुर्ची दिली, पंखा लावला. व्याही पेपर खाली ठेवून दोन वाक्यं बोलले आणि पेपर वर घेतला. कांता आतून पाण्याचा तांब्या-भांडं घेऊन आली. दर वेळी आणते. मी दर वेळेसारखा हात जोडून म्हणालो, "नको, तहान नाही."

ठाण्याची दुपार, वर जिना चढून आलेलो; सदरा पाठीला चिकटला होता.

"नेतेस का आत?" विहीणबाई म्हणाल्या. "त्यांची अजून आपल्याकडे पाणी घ्यायची वेळ कुठं आलीय?" आणि हसल्या. मीही हसलो. मला वाटलं, चांगली माणसं आहेत, रीत जाणतात. कांता ते भरलेलं भांडं घेऊन आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

नंतर बसली ती सासूच्या शेजारी. मी विचारलं, बरी आहेस ना? ती बरी होती. तिनं विचारलं, तब्येत कशी आहे? मीही बरा होतो. डबा दिला, चिक्कू दिले. जावई कामावर होते. मला पोचवायला ती जिन्यात आली. मला वाटलं, आता काही बोलेल. तर खालच्या मजल्यावरच्या बाई भाजी घेऊन वर येत होत्या, आणि आम्ही त्यांना वाट द्यायला भिंतीला चिकटून उभे राहिलो. त्या गेल्यावर वरून "कांता, दूध" अशी हाक आली. बस्स. एवढ्यासाठी मी फलटणहून आलो होतो. रस्त्यावर येऊन वर पाहिलं, तर गॅलरीत पायपुसणं वाळत होतं.

मी रसवंतीवर जाऊन दोन ग्लास पाणी प्यालो. रस घ्यायला हवा होता. पण ते सुचलं नाही.

संध्याकाळी हौसाबाईंनी विचारलं, "बोलली पोर?" मी म्हणालो, बोलली की. ताटात त्यांनी भात जरा जास्त वाढला.

आता न्याहारी. न्याहारी म्हणजे माझ्या डोळ्यांपुढं पोहे होते, वर कोथिंबीर, आणि बाजूला वर्तमानपत्र. हौसाबाईंना पहाटे बंदरावर जायचं असे, म्हणून न्याहारी पहाटेच. चुलीच्या उजेडात त्यांनी माझ्यासमोर तांदळाची भाकर आणि रात्रीचं कालवण ठेवलं. मासळीचं नाव पाला. आम्ही देशावरची माणसं. आमचा संबंध मटणाशी, ज्याचं हाड दिसतं. पाल्याच्या अंगात केसासारखे बारीक काटे असतात आणि ते कुठं आहेत, हे त्या माशालाही माहीत नसावं. चव मात्र अशी, की मी बोलत बोलत खाल्लं. बोलायला कुणीतरी समोर होतं, हेच नडलं. मोजणीतला एक किस्सा मी रंगात येऊन सांगत होतो, आणि दोन भाऊ बांधावर कुऱ्हाडी घेऊन उभे राहिले, एवढ्यात काटा घशात बसला.

सुक्या भाकरीचा घास गिळा, असं हौसाबाई म्हणाल्या. गिळला. केळं गिळा, असं दाजी म्हणाले. तेही गिळलं. कुणी उकडलेला भात दिला, कुणी पाठीत बुक्की घातली. एका म्हातारीनं मांजराचे पाय धरायला सांगितले, कारण मासळी त्याची, काटा त्याचा. मी धरले. एक माजी सरकारी नोकर, इस्त्रीच्या सदऱ्यात, मांजराचे पाय धरून बसलेला. मांजराला पटलं नाही. त्यानं ओरबाडलं. काटा तिथंच राहिला आणि माझा आवाज मात्र पार गेला. काही बोलायला गेलं, की नुसती हवा यायची.

"मी नेते," हौसाबाईंनी पदर खोचला. "नौपाड्यान माजा डॉक्टर हाय, घशाचा. त्याचे घरी मीच मासली टाकते. बायको लय भली, सरंग्यावर घासाघीस करत नाय."

नौपाड्यात, घशाचा, डॉक्टर! माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी दोन्ही हात हलवले, मान हलवली, पाय आपटले. त्याचा अर्थ सगळ्यांनी असा केला, की दुखणं वाढलं. मग काय विचारता! मला रिक्षात घातलं. एका बाजूला हौसाबाई, दुसऱ्या बाजूला दाजी, हौसाबाईंच्या मांडीवर रिकामी पाटी. मी बाहेर उडी मारीन, म्हणून दाजींनी माझा दंड सोडला नाही.

दवाखाना नुकता उघडत होता. टेबलामागं कांता मान खाली घालून केसपेपरच्या गठ्ठ्याला पिन लावत होती.

"नाव?" तिनं वर न बघता विचारलं.

मी बोलू शकत नव्हतो. बोलता आलं असतं, तरी काय बोललो असतो?

"नाव माला ठाव नाय," हौसाबाई म्हणाल्या. "माज्याकडं राहतो. मोजनीवाला."

"पत्ता?"

"माजाच लिव. चेंदनी कोलीवारा. फलटनचा हाय. पोर हाय हितंच, पन तिच्याकडं उतरत नाय."

पेन थांबलं. कांतानं वर पाहिलं.

मी आयुष्यात पुष्कळ अवघड जागी उभा राहिलोय. दोन्ही बाजूंच्या लाठ्यांच्या मध्ये फळी रोवलीय. पण माझ्या सदऱ्यावर कालवणाचा डाग, हातावर मांजराचा ओरखडा, काखेत दाजी, आणि समोर माझी लेक. तिचे डोळे एवढे मोठे झालेले मी एकदाच पाहिले होते, ती लहान असताना जत्रेतला पाळणा बघून.

"आबा?" ती म्हणाली.

"यो तुजा बाप?" हौसाबाई म्हणाल्या, आणि मग त्यांनी जे केलं, त्याला तोड नाही. टेबलाच्या पलीकडे जाऊन त्यांनी कांताच्या दोन्ही गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. "लाडू गोर होते का गं, बाय? लय जपून आनले होते त्यानी तुज्यासाठी."

डॉक्टरांनी आरसा घातला, चिमटा घातला आणि काटा काढून कापसावर ठेवला. एवढासा होता. दाजींनी तो बघायला मागितला आणि म्हणाले, की यापेक्षा मोठे काटे मी सुपारीसारखे चघळतो.

मला बाहेरच्या बाकावर बसवलं. पाणी पिऊन बघा, असं डॉक्टर म्हणाले. दाजी आणि हौसाबाई रिक्षा बघायला गेले. कांतानं माठातून स्टीलचा ग्लास भरून आणला आणि माझ्यासमोर धरला.

मी त्या ग्लासाकडे पाहिलं. दवाखाना डॉक्टरांचा. माठ डॉक्टरांचा. पाणी महापालिकेचं. हात मात्र लेकीचा. अशी जागा खात्याच्या कुठल्याही नकाशात बसत नव्हती. मी मनातल्या मनात साखळी टाकली, मोजलं, आणि हद्दीच्या बाहेर आहे, असा निकाल देऊन ग्लास घेतला. प्यालो. घसा चुरचुरला.

कांता बाकावर बसली. दवाखान्यात अजून पेशंट नव्हता. खूप दिवसांनी आम्ही दोघंच होतो, आणि ज्याला बोलायचं होतं त्याचा आवाज गेला होता. त्यामुळं ती बोलली.

"आबा, आमच्याकडे तुम्ही पाणी नको म्हणता ना," ती पिनांची डबी मिटत-उघडत म्हणाली, "तेव्हा तुम्ही तांब्याकडे बघता. बाकीचे सगळे माझ्या पोटाकडे बघतात."

बस्स, एवढंच म्हणाली. रडली वगैरे नाही. काल विहीणबाई हसल्या होत्या आणि मीही हसलो होतो, त्याचा अर्थ मला तिथं बाकावर बसून कळला. ओवीतल्या बापाचं कौतुक मी इतकी वर्षं केलं. ते भरलेलं भांडं घेऊन आत जाणाऱ्या लेकीची ओळ ओवीत नव्हती. आमच्या मंडळीनं ती कधी म्हटली असेल, तर तांदूळ निवडण्याच्या आवाजात मला ऐकू आली नसेल.

मी घोगऱ्या हवेनं काहीतरी म्हणालो. तिला बहुतेक "चल" असं ऐकू आलं. खरं म्हणजे मी तेच म्हणालो होतो. पण कुठं चल, ते माझं मलाच ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी मी माळ्यावर पडलो होतो. खाली रिक्षा थांबली. कांता उतरली, हातात बॅग. ओट्याशी उभी राहून हौसाबाईंना म्हणाली, "मावशी, मी माहेरी आलेय. जागा आहे का?"

घरी काय झालं, ते तिनं नंतर सांगितलं. सासूबाईंना ती म्हणाली, की दोन दिवस माहेरी चाललेय. फलटणला? नाही, कोळीवाड्यात. विहीणबाई सोफ्यावर बसल्या. आपले व्याही पाहुणचाराच्या जाहिरातीवर एका कोळणीकडे उतरले, हे आधीच त्यांच्या पोटात मावत नव्हतं. आता सून तिथं माहेरपणाला चालली! चारचौघांत आमचं काय राहिलं, असं त्यांनी विचारलं. पण माहेरी चाललेल्या सुनेला अडवलं, असंही चारचौघांत सांगता येत नाही. जावयांनी बॅग खाली आणून दिली. मुकाट्यानं दिली, पण दिली.

त्या दोन दिवसांत काय घडलं, असं कुणी विचारलं तर काहीच नाही. हौसाबाईंनी तिला ओट्यावर बसवून डोक्यात तेल मुरवलं. दुपारी ती गुरुदत्तच्या खाटेवर झोपली ती दिवेलागणीपर्यंत, तोंड जरासं उघडं टाकून, आईसारखी. मी जाळ्यांवर बसून होतो. माश्या येऊ नयेत म्हणून पंचा हलवत होतो. तिनं एकदा डोळे उघडले, "कुकर लावता का हो घरी?" असं विचारलं, आणि उत्तर न घेता पुन्हा झोपली. पहाटे न्याहारीला बसलो, तर तिनं माझ्या ताटलीतला मासा स्वतःच्या पुढं ओढला आणि एक एक काटा काढून घास माझ्याकडे सरकवत राहिली. मी खाल्लं. ती जागाही हद्दीबाहेर होती. आता तर मी मोजायचंसुद्धा सोडून दिलं होतं.

निघायच्या दिवशी हौसाबाईंनी तिची खणानारळानं ओटी भरली. दाजी म्हणाले, "मुराली कोन?" लेकीला माहेराहून सासरी पोचवायला जातो, तो मुराळी. भाऊ असता तर भाऊ गेला असता. मी टोपी घातली, छत्री घेतली आणि लेकीची बॅग उचलली.

नौपाड्याच्या जिन्यात तिची पावलं जड झाली, ते मला मागून ऐकू येत होतं. दार विहीणबाईंनी उघडलं. त्यांच्या मनात बोलायचं बरंच असावं. ते चेहऱ्यावर नीट रांगेत उभं होतं. व्याह्यांचा पेपर वर होता. जावई मोरीच्या दाराशी टॉवेल घेऊन उभे. मी खुर्चीवर बसलो. कांता ओटी देवापुढं ठेवायला आत गेली आणि या वेळी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आलीच नाही. मी वाट पाहिली. ती आत नुसती उभी होती. दाराच्या फटीतून तिच्या साडीचा काठ दिसत होता.

मग मीच म्हणालो, आणि घसा अजून बसलेला होता म्हणून जरा मोठ्यानंच म्हणालो, "कांता, पाणी आण गं. तहान लागलीय."

पेपर खाली आला. विहीणबाईंच्या चेहऱ्यावरची रांग मोडली. "अहो, पण अजून..." असं त्या म्हणाल्या आणि थांबल्या, पुढचं वाक्य त्यांचं त्यांनाच म्हणता येईना.

कांता तांब्या-भांडं घेऊन आली. भांडं काठोकाठ भरलं होतं. एक थेंब सांडला नाही. सगळे बघत होते, आणि या वेळी सगळे माझ्याकडे बघत होते. मी ते भांडं वरून न ओतता, ओठांना लावून, तळापर्यंत प्यालो. पाणी उतरताना काट्याची जागा दुखली.

"आणखी," मी म्हणालो.

तिनं ओतलं. तेही प्यालो. विहीणबाई म्हणाल्या, आता पुढच्या खेपेला इथंच उतरा. मी म्हणालो, जेवायला येईन, राहीन मात्र हौसाबाईंकडे. कांताचं माहेर तिथं आहे, ते बंद ठेवून कसं चालेल?

एसटीची वेळ झाली होती. सखारामला सांगायला पुष्कळ होतं. घरात कुकर तेवढा वाट बघत असणार. कांता गॅलरीत येऊन उभी राहिली. मी खाली रस्त्यावरून वर पाहिलं, छत्री वर केली आणि खिशातला रुमाल काढून तोंड पुसलं. या वेळी ते ओलं होतं.